चिरईझोरीवरची दुपार

शालिग्राम खोब्रागड्यांना ऐकू कमी येतं हे रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते बोलायचेच इतक्या मोठ्यानं. लोखंडाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. उजवा कान पुरता गेला होता. डाव्या कानात मुलीनं, अपर्णानं, मशीन बसवून दिलं होतं, पण ते त्यांना आवडायचं नाही. "शिट्टी मारते माह्या डोक्यात," असं म्हणून काढून खिशात टाकायचे.

अपर्णा लग्नानंतर तेलीबांध्याला राहत होती. घरी बाबा आणि धाकटा अनिमेष, दोघंच. अनिमेष दर दोन-तीन आठवड्यांनी पाठीवर बॅग टाकून मित्रांबरोबर जंगलात जायचा, तंबूत राहायचा, फोटो टाकायचा. बाबा ते फोटो मोठे करकरून बघायचे. एकदा जेवताना म्हणाले, "तू जातो कुठं, मले दाखव ना एकदा."

"चलो ना पापा, इसी शनिवार चलते हैं," अनिमेष म्हणाला. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

बाबांचे गुडघे, त्यांचा कान, सगळं आठवून अपर्णा म्हणाली, मीही येते.

मार्चमधला शनिवार होता. गरियाबंद मागे पडलं, मग डांबरी रस्ता सुटला, आणि अकराच्या सुमारास ते दहा-बारा घरांच्या एका पाऱ्यावर, म्हणजे वस्तीवर, पोचले. रस्ता तिथेच संपत होता. हातपंपाजवळ एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल. त्यानं हात दाखवून गाडी थांबवली. अनिमेष खाली उतरून त्याच्याशी बोलायला गेला. काचा बंद होत्या, एसी चालू होता. अपर्णाला फक्त दिसलं की तो माणूस खालच्या जंगलाकडे बोट दाखवून काहीतरी सांगतोय आणि अनिमेष हसून मान हलवतोय.

"काय म्हणत होता?" तो परत आल्यावर तिनं विचारलं.

"कुछ नहीं दीदी. पूछ रहा था कहाँ से आए हो."

गाडी एका मोहाच्या झाडाखाली लावून ते खाली उतरायला लागले. बाबांना काठी होती, तरी पाऊण तास लागला. पण खाली पोचल्यावर ते काठीवर दोन्ही हात टेकून बघत उभे राहिले. दोन डोंगरांच्या मधोमध चिरईझोरी वाहत होती. झोरी म्हणजे लहानसा ओढा, पण वरची झाडं वाळून गेलेली असताना इथं पाणी गुडघाभर होतं, आणि तळाचा एकेक खडा दिसत होता. पलीकडच्या काठावर बांबूचं दाट बन, अलीकडे थोडी मोकळी वाळू, आणि तिच्या मागे एकमेकांवर कललेले, घराएवढे काळे दगड. माणसाचा मागमूस कुठेच नव्हता.

"बापरे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. त्यांना तो ऐकू आला नाही. अपर्णा मात्र दचकली.

अनिमेषनं वाळूवर नारिंगी तंबू उभा केला. मग सामान काढताना त्याच्या लक्षात आलं की गॅसचा डबा गाडीतच राहिला. "अभी लाया," म्हणाला. "आप लोग चावल धो के रखो. एक घंटा, बस." कानात गाणी लावून तो चढण चढू लागला. तेव्हा दोन वाजून गेले होते.

बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. कानातलं मशीन पाण्यात पडेल म्हणून काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, शर्ट तंबूच्या दोरीवर टाकला आणि बनियनवर, तांदळाचं पातेलं घेऊन ते प्रवाहाच्या मधोमध एका सपाट दगडावर जाऊन बसले. पाय पाण्यात, पाठ बांबूच्या बनाकडे. खुशीत होते. अपर्णा चपला हातात घेऊन पाण्यातूनच वरच्या अंगाला निघाली. तीस-चाळीस पावलं गेली असेल.

तिथं तिला शेण दिसलं. आधी वाटलं गाईचं. मग तिनं नीट पाहिलं. एकेक गोळा नारळाएवढा होता, त्यात बांबूचे तुकडे, मोहाची फुलं, आणि ते अजून ओलं होतं. वाळूत पातेल्याच्या तोंडाएवढे गोल ठसे उमटले होते. एका ठशात पाणी हळूहळू झिरपत होतं, म्हणजे तो पाय पडून फार वेळ झाला नव्हता.

तिच्या लक्षात आलं की मघापासून एकही पक्षी ओरडलेला नाही.

पलीकडे बांबू मोडल्याचा आवाज आला. सावकाश, कुणीतरी वेळ घेऊन मोडावा तसा. तिनं मान वळवली. बनाचे शेंडे हलत होते, आणि ते हलणं खाली, बाबांच्या पाठीच्या दिशेनं सरकत होतं. मग बांबूंमधून एक राखाडी कपाळ बाहेर आलं.

हत्तीण होती. तिच्या पोटाखालून पिल्लू पुढे आलं. त्यांच्या मागे आणखी एक, आणखी एक. अपर्णानं चारपर्यंत मोजले आणि मग तिला मोजता येईना. पहिली हत्तीण बाबांपासून वीस पावलांवर होती. बाबा तांदूळ चोळून चोळून धूत होते.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर हत्ती ऐकतील, बाबा ऐकणार नाहीत. दगड फेकावा तर आवाज. पळत जावं तर पाणी खळखळेल. तिचे पाय इतके थरथरत होते की तिच्याभोवतीच्या पाण्यात बारीक तरंग उठत होते. ते तरंग आणि पायाखालून उठलेला गाळ प्रवाहाबरोबर खाली चाललेले तिला दिसले. खाली, बाबांकडे.

तिनं टाच गाळात रुतवली आणि ढवळलं. काठाजवळ तळाशी काळी माती होती. दोन्ही पायांनी ती उकरत राहिली, आवाज होणार नाही इतक्या बेतानं. गढूळ पाण्याचा पट्टा हळूहळू खाली सरकला. एका दगडाला अडला, वळला, पुन्हा निघाला. तिला वाटलं तो कधी पोचणारच नाही. हत्तीण सोंड उचलून हवा हुंगत होती.

पट्टा बाबांच्या पातेल्याखाली पोचला. त्यांनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं आणि भर आवाजात ओरडले, "काहून वं, गढूळ काहून करून राहिली? तांदूळ धुऊन राहिलो ना मी!"

हत्तिणीचे कान एकदम फाकले. मागचे सगळे थबकले.

अपर्णानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाबा पुढे काही बोलणार होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले. तिनं एक हात काढला आणि तळवा हळूहळू आपल्याकडे हलवला. या. इकडे या. मागं पाहू नका.

त्यांनी मागं पाहिलं नाही. पातेलं छातीशी धरून ते उठले. पाण्यातून एकेक पाऊल टाकत काठाकडे, मोठ्या दगडांकडे यायला लागले, डोळे तिच्या तोंडावर रोखलेले. तीही काठाकाठानं खाली सरकत होती. पंधरा पावलं राहिली. दहा राहिली.

आणि पिल्लू पाण्यात उतरलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, सोंड हलवत ते सरळ बाबांच्या मागे धावत निघालं, पाणी उडवत. बाबांना काही ऐकू येत नव्हतं. अपर्णाला मात्र पिल्लू दिसत होतं आणि त्याच्यामागे पाण्यात उतरलेली त्याची आई दिसत होती. बाबांनी तिच्या चेहऱ्यात काय पाहिलं असेल ते असो, ते एकदम घाई करायला गेले, शेवाळावर पाय घसरला आणि खाली पडले. पातेलं दगडावर आपटून टणाणलं.

हत्तीण ओरडली. तो आवाज अपर्णाला कानांपेक्षा पोटात जास्त जाणवला. ती धावली. आता आवाजाचा विचार उरला नव्हता. बाबांचं बनियन मुठीत धरून तिनं त्यांना ओढलं, ते गुडघ्यांवर, हातांवर कसेबसे वर आले, आणि दोघं कललेल्या दोन दगडांमधल्या फटीत घुसले. फट तोंडाशी एक माणूस आडवा शिरेल एवढीच होती, आत थोडी मोकळी. अपर्णानं बाबांना आधी ढकललं आणि त्यांच्यावर जाऊन पडली. मागून दगडावर काहीतरी आदळलं. वरून माती आणि वाळलेला पाला त्यांच्या डोक्यावर पडला.

फटीच्या तोंडाशी उजेड होता तिथं आता राखाडी कातडी होती, सुरकुतलेली, चिखल लागलेली. तिच्यातून घुर्र असा आवाज येत होता, लांबवर ट्रक चालू ठेवल्यासारखा. बाबांचं काळीज अपर्णाच्या दंडाखाली धडधडत होतं. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. ती त्यांच्या तोंडावर बोट ठेवून होती आणि ते बोट ती जवळजवळ तासभर काढणार नव्हती.

थोड्या वेळानं कातडी बाजूला झाली. फटीतून वाळूचा एक तुकडा दिसायला लागला. दुसऱ्या दोघी तंबूपाशी होत्या. एकीनं पायानं तंबू दाबला, सोंडेनं उचलून झटकला, तेव्हा आतली बॅग, चादरी, केळी, मिठाची पिशवी सगळं बाहेर पडलं. मीठ त्यांनी पिशवीसकट खाल्लं. बाबांचा शर्ट चिखलात गेला. पिल्लू पातेलं ढकलत होतं. ते हसण्यासारखं दृश्य होतं आणि अपर्णाच्या दातांवर दात आपटत होते.

साडेतीनच्या सुमारास तिला गाणं ऐकू आलं.

अनिमेष गात होता. कानात गाणी लावली की तो त्यांच्यासोबत गायचा, बेसूर, मोठ्यानं. आवाज वरच्या वळणावरून येत होता आणि जवळ येत होता. खालची पायवाट झाडीतून येऊन एकदम वाळूवर उघडायची. तो तिथून बाहेर पडला असता तर सरळ हत्तिणींच्या पायांत. हत्तिणींनीही ऐकलं. दोघींनी तोंडं चढणीकडे वळवली आणि खाणं थांबवलं.

बाबांनी डोळ्यांनी विचारलं, काय? तिनं ओठ हलवले, आवाज न करता. अनिमेष.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिच्या हाताचं बोट आपल्या तोंडावरून काढलं. ते स्वतःच ओरडणार होते. पण त्यांना अनिमेष कुठल्या बाजूला आहे हेच कळत नव्हतं. अपर्णानं त्यांना मागं दाबलं, फटीच्या तोंडाशी सरकली आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडली:

"अनिमेष! हाथी! नीचे मत आ! हाथी है, भाग!"

पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडताना आवाज फाटला. गाणं थांबलं होतं का, त्याला ऐकू गेलं का, काही कळायच्या आत फटीतला उजेड गेला. ती मागं सरकली, पण पुरेशी नाही. सोंड आत आली. ओलं, केसाळ टोक तिच्या खांद्यावरून फिरलं, गळ्याजवळ थांबलं, आणि गरम वाफ तिच्या कानात शिरली. मोहाचा, चिखलाचा वास. बाबांनी मागून दोन्ही हातांनी तिला कवटाळून इतक्या जोरात ओढलं की तिच्या फासळ्यांत कळ उठली. तेवढ्यानं टोक आणि तिचं तोंड यांच्यात वीतभर जागा झाली. सोंड हवेत चाचपडत राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले तर आणखी भीती वाटेल असं वाटत होतं.

सोंड गेली. किती वेळानं, तिला सांगता आलं नाही.

त्यानंतर वरून काहीच ऐकू आलं नाही. गाणं नाही, हाक नाही, पावलं नाहीत. ते सगळ्यात वाईट होतं. हत्तीण फटीसमोरून हटली होती, पण बाकीचे कुठं होते? एखादा चढणीकडे गेला असेल का? बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, परत परत भुवया उंचावून विचारत होते, आणि तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. तिनं मान हलवली. त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे. त्यांचे डोळे भरून आले आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

सावल्या पलीकडच्या काठावर गेल्या तेव्हा पहिला फटाका वाजला. मग पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज, मग पाच-सहा माणसांच्या आरोळ्या, सगळ्या चढणीच्या एकाच बाजूनं. हत्ती घाईनं पळाले नाहीत. पिल्लाला मध्ये घेतलं आणि झोरीतूनच खालच्या अंगाला चालत गेले. बराच वेळ पाणी खळखळत होतं.

"दीदी! दीदी ओ!"

फटीतून बाहेर आल्यावर अपर्णाला आधी मशाली दिसल्या, अजून उजेड असताना पेटवलेल्या. मग तो टॉवेलवाला माणूस, हातपंपाजवळचा. आणि त्याच्यामागे अनिमेष, चप्पल नसलेला, पाय रक्तानं भरलेला. तिचा आवाज ऐकून तो मागं फिरला होता आणि सगळी चढण धावत गेला होता. तो बाबांच्या गळ्यात पडला. बाबा त्याची पाठ, डोकं, हात चाचपत राहिले, सगळं जागच्या जागी आहे ना हे पाहिल्यासारखे.

त्या माणसाचं नाव नत्थू. हत्ती कुठं फिरताहेत यावर नजर ठेवणारी चार-पाच माणसं त्या पाऱ्यावर होती, त्यातला तो. त्यानं तिघांना वर नेलं. रात्री पाऱ्यावरची सगळी माणसं एकाच पक्क्या घराच्या छतावर झोपायची, कारण मातीच्या भिंती हत्ती पाडतो. त्यांनाही तिथंच जागा दिली. नत्थूच्या बायकोनं बाबांच्या कोपराला हळद लावली. चहा आला.

नत्थू सहज म्हणाला, अगदी सहज, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, "बिहनिया तो बोले रेहेंव भैया ला. हाथी आए हे, खाल्हे झन जाव."

अपर्णाला कळायला क्षणभर लागला. सकाळीच सांगितलं होतं भैयाला. हत्ती आलेत, खाली जाऊ नका. तिनं अनिमेषकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"काय म्हणून राहिला तो?" बाबांनी मोठ्यानं विचारलं. त्यांचं मशीन चिखलात गेलं होतं.

अपर्णाच्या तोंडाशी शब्द आले होते. तिला त्याच्या थोबाडीत मारायची होती. पण ती थांबली, आणि तेव्हा अनिमेष उठून बाबांच्या डाव्या कानाशी जाऊन बसला.

"पापा, इन्होंने मुझे सुबह बताया था. हाथी है करके. मैंने छुपाया."

"आं?"

"सुबह बताया था! मैंने आप लोगों को नहीं बताया!"

"नीट बोल. काय सांगतलं?"

तिसऱ्यांदा त्याला ओरडूनच सांगावं लागलं. हत्ती आहेत हे माहीत होतं, तरी आणलं. वाटलं काही होणार नाही, वाटलं परत जावं लागेल, तुम्ही इतके खुश होता. सगळा पारा ऐकत होता. आता बाबांना समजलं.

मग बाबा अपर्णाकडे वळून म्हणाले, "मले तं तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. हत्ती किती जवळ आहे ते मी तुह्या तोंडावरून पाहून राहिलो होतो." ते थांबले. "याचं नाव घेतलं तू, तवा वाटलं, आता मशीन नाई तेच बरं आहे. ह्याले काही झालं तं ह्याचं ओरडणं आपल्याले ऐकू येणार नाई."

अनिमेष गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. बाबांनी त्याला गप्प केलं नाही आणि रागावलेही नाहीत.

सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर नत्थू गाडीपर्यंत सोडायला आला. अनिमेषनं चावी काढली आणि अपर्णापुढे धरली. अपर्णानं चावी घेतली आणि तो मागच्या सीटवर जाऊन बसला. बाबा पुढे बसायला गेले, मग काय वाटलं, मागचा दरवाजा उघडून त्याच्या शेजारी बसले.

गरियाबंद आलं, राजिम आलं. अपर्णानं आरशात पाहिलं तर बाबांनी अनिमेषचं मनगट धरलं होतं. हलकं नव्हे, जत्रेत लहान पोराचं धरतात तसं, आवळून. सत्तावीस वर्षांच्या त्या पोराच्या हातावर बोटांचे पांढरे वळ दिसत होते. त्यानं हात सोडवला नाही. रायपूरची पहिली घरं दिसायला लागली तरी बाबांनीही सोडला नाही.